मुलांचे दात, बोअरचं पाणी आणि तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट

प्रश्न थोडक्यात असा: जळगाव जिल्ह्याच्या चोपडा-यावल पट्ट्यातल्या एका ताईंची मुलगी साडेचार वर्षांची, वजन 16 किलो. वरच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत आधी पांढरट रेघा होत्या, आता दोन दातांवर तपकिरी खड्डे दिसतात. धाकटा मुलगा सव्वा वर्षाचा, आठ दात आलेले, रात्री साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात घेऊनच झोपतो. पिण्याचं पाणी बोअरचं. गावातल्या काही मोठ्या माणसांच्या दातांवर डाग आहेत, ते पाण्यातल्या फ्लोराइडचे असं कुणीतरी सांगितलं, म्हणून घरात बिनफ्लोराइडची हर्बल पेस्ट आली. सासूबाईंचं म्हणणं, "दूधना दात शेतस, पडी जातीन" (दुधाचे दात आहेत, पडून जातील). मग फ्लोराइडची पेस्ट द्यायची की नाही?

ताई, द्यायची, आणि दोन्ही मुलांना द्यायची. फक्त प्रमाण मोजून, रोज रात्री, आणि ब्रश तुमच्या किंवा घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाच्या हातात. पाण्याची शंका मात्र रास्त आहे. ती पेस्ट बदलून सुटत नाही, पाणी तपासून सुटते. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्यामुळेच घोटाळा झाला आहे.

आधी कीड कशी लागते ते पाहू, म्हणजे पुढचं पटेल. दातावर जो चिकट थर बसतो त्यातले जंतू साखर आणि पीठ खाऊन आम्ल तयार करतात. तोंडातली आम्लता वाढून पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त) 5.5 च्या खाली गेला, की दाताच्या वरच्या कवचातलं, म्हणजे इनॅमलमधलं, कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतं. खाणं थांबल्यावर लाळ हळूहळू ही आम्लता उतरवते. त्याला साधारण अर्धा ते पाऊण तास लागतो, आणि मग लाळेतलंच कॅल्शियम परत दातात भरलं जातं. ही झीज-भर दिवसभर चालू असते. भर कमी आणि झीज जास्त झाली की आधी खडूसारखा पांढरा डाग पडतो, मग खड्डा. लाळेत आणि दातांवरच्या थरात थोडंसं फ्लोराइड असलं तर भर लवकर होते, आणि नव्याने बसलेला भाग जास्त टणक असतो. तो विरघळायला पीएच 4.5 च्या आसपास उतरावा लागतो. म्हणून फ्लोराइड दाताला वरून लागणं महत्त्वाचं. ते पोटात जायची गरज नाही.

तुमच्या मुलीच्या दातांवर आधी दिसलेल्या पांढरट रेघा म्हणजे हाच पहिला टप्पा होता. त्या टप्प्यावर दात पूर्ण परतवता येतो. तेव्हा घरात बिनफ्लोराइडची पेस्ट होती, आणि ज्या वेळी भर टाकायची त्याच वेळी ती मिळाली नाही. यात तुमचा दोष नाही, सल्ला चुकीचा मिळाला.

आता हिशोब मांडू. आपल्याकडे नियमानुसार टूथपेस्टमध्ये जास्तीत जास्त 1000 पीपीएम फ्लोराइड असतं, आणि तो आकडा ट्यूबवर व खोक्यावर छापावा लागतो. 1000 पीपीएम म्हणजे एक ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, म्हणजे सुमारे 0.1 ग्रॅम. दोन वेळा मिळून 0.2 मिलिग्रॅम फ्लोराइड. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी, सुमारे 0.25 ग्रॅम. दोन वेळा मिळून अर्धा मिलिग्रॅम. समजा दोघांनीही एक थेंबही न थुंकता सगळी गिळली, तरी आकडा एवढाच. एक ते तीन वर्षांच्या मुलाच्या पोटात रोज सगळं मिळून 1.3 मिलिग्रॅम आणि चार ते आठ वर्षांच्या मुलाच्या पोटात 2.2 मिलिग्रॅम ही वरची मर्यादा धरतात. पेस्ट त्यात कुठेच पोचत नाही.

पाणी पोचू शकतं. बोअरच्या पाण्यात लिटरला 2 मिलिग्रॅम फ्लोराइड असेल आणि पोरगं दिवसाला एक लिटर पाणी पीत असेल, तर 2 मिलिग्रॅम तिथेच झाले. शिवाय वरण, भात, पेज याच पाण्यात शिजतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, तेव्हा मुलं दीड-दोन लिटर सहज पितात. म्हणजे पेस्टमधून पोटात जाणाऱ्या फ्लोराइडच्या कितीतरी पट जास्त पाण्यातून जातं. पेस्ट बंद करून पाणी तसंच ठेवणं म्हणजे दाराची कडी लावून खिडकी उघडी ठेवणं.

दातांवरचे डाग नेमके कधी पडतात तेही समजून घ्या. दात हाडात तयार होत असताना फ्लोराइड जास्त झालं तरच डाग येतात. एकदा दात बाहेर आला की नवीन डाग पडत नाहीत. कायमच्या पुढच्या दातांच्या दृष्टीने साधारण सव्वा ते अडीच-तीन वर्षांचा काळ सगळ्यात नाजूक, आणि एकूण धोका आठ वर्षांपर्यंत. म्हणजे धाकट्याचं पाणी आत्ता सर्वांत जास्त महत्त्वाचं आहे. फ्लोराइडचे डाग जोडीने दिसतात: उजवीकडच्या दातावर जिथे असतील तिथेच डावीकडच्या जोडीदारावर, आडव्या पांढऱ्या रेघा किंवा ढगासारखे पट्टे, जास्त असेल तर तपकिरी. मशेरी, तंबाखू किंवा चहाचा डाग वेगळा असतो. तो दातांच्या फटीत आणि हिरडीच्या कडेला जमतो आणि दवाखान्यात घासून निघतो. त्यामुळे गावातल्या मोठ्यांचे डाग नक्की कशाचे, हे नुसतं पाहून ठरवू नका.

पाण्यातल्या फ्लोराइडला रंग, वास, चव काही नसतं. भांड्याला बसणारा पांढरा थर क्षारांचा असतो, त्यावरून फ्लोराइड कळत नाही. जड पाणी म्हणजे फ्लोराइडचं पाणी असंही नाही. एकाच गावात दोन बोअरचे आकडे वेगळे येऊ शकतात, कारण ते खडक आणि खोली दोन्हींवर अवलंबून असतं. म्हणून तुमच्याच बोअरचं तपासायचं. एक लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली घ्या, काचेची नको. मोटर पाच-दहा मिनिटं चालू द्या, त्याच पाण्याने बाटली तीनदा खळबळून धुवा, काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा, वर तारीख आणि बोअरची जागा लिहा. जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा असते. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारलंत तर नमुना कुठे द्यायचा ते सांगतो. देताना 'फ्लोराइड' हा शब्द स्पष्ट सांगा, कारण गावाचं पाणी पुष्कळदा फक्त जंतूंसाठी तपासलं जातं आणि 'पाणी पिण्यायोग्य' एवढाच शेरा हातात येतो. एकदा उन्हाळ्यात पाणी खोल गेलेलं असताना आणि एकदा पावसाळ्यानंतर तपासलं तर उत्तम.

भारतीय मानकाप्रमाणे लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, आणि दुसरा स्रोत नसेल तर 1.5 पर्यंत चालतं. आकडा 1 च्या आत आला तर पाण्याची चिंता सोडा. 1.5 च्या वर आला, तर मुलांचं पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी बदला. तापी, गिरणेच्या धरणांतून येणारं नळाचं पाणी किंवा पावसाचं साठवलेलं पाणी यात फ्लोराइड सहसा कमी असतं. आरओ यंत्राने फ्लोराइड निघतं. पाणी उकळून ते निघत नाही, उलट पाणी आटल्यामुळे थोडं वाढतं. फडक्याने गाळणं, क्लोरीन टाकणं, कॅन्डलचा फिल्टर, घरच्यासारखी तुरटी फिरवणं, यातल्या कशाचाच पुरेसा उपयोग नाही. पाणी बदलायला महिना-दोन महिने लागणार असतील, तर धाकट्याचं वय डागांच्या दृष्टीने नाजूक आहे म्हणून तेवढ्यापुरतं त्याला नुसत्या पाण्याने ब्रश करा, पाणी बदललं की पेस्ट सुरू. मुलीला कीड लागलेली आहे, तिची पेस्ट मात्र थांबवू नका. जारचं पाणी घेत असाल तर ते बहुतेक आरओचं असतं आणि त्यात फ्लोराइड जवळजवळ नसतं. मग दातांना फ्लोराइड मिळायची जागा एकच उरते, ती म्हणजे पेस्ट.

फ्लोराइडला लोक विष म्हणतात त्यामागे खरी गोष्ट आहे, म्हणून ती टाळून चालणार नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावात 1901 साली फ्रेडरिक मॅके हा दंतवैद्य आला, तेव्हा त्याला तिथल्या लोकांच्या दातांवर तपकिरी डाग दिसले. त्यांच्या दातांना कीड मात्र कमी होती. डागांचं कारण पाण्यातलं फ्लोराइड आहे हे 1931 साली कळलं. आपल्या देशात नेल्लोरकडे पाण्यातल्या जास्त फ्लोराइडने हाडं आखडलेल्या रुग्णांची नोंद 1937 ची आहे. म्हणजे एकाच पदार्थाचे दोन्ही गुण सुरुवातीपासून माहीत आहेत, आणि फरक प्रमाणाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली फ्लोराइडची पेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली, ती याच हिशोबावर.

पेस्ट निवडताना पुढचं चित्र पाहू नका, मागचा बारीक मजकूर वाचा. 'सोडियम मोनोफ्लुओरोफॉस्फेट' किंवा 'सोडियम फ्लोराइड' हे शब्द आणि पीपीएमचा आकडा शोधा. 1000 च्या जवळचा हवा. लहान मुलांच्या नावाने मिळणाऱ्या बऱ्याच रंगीत, गोड पेस्टमध्ये 500 च्या आसपास किंवा शून्य असतं. तेवढ्याने कीड थांबते याचा भरवसा देता येत नाही. मुलीला कीड लागलेली असताना 500 वर थांबणं मला पटत नाही. घरातली मोठ्यांची साधी पांढरी पेस्ट कमी प्रमाणात दिली तरी चालते. तिखट लागत असेल तर सौम्य चवीची 1000 पीपीएमवाली शोधा. गोड चवीची पेस्ट मुलं खातात, तोही एक धोका आहे.

मुदतीची तारीख आपल्या भागात जास्त महत्त्वाची आहे. खडूच्या, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या पेस्टमध्ये मोनोफ्लुओरोफॉस्फेट घालतात, कारण साधं सोडियम फ्लोराइड कॅल्शियमला चिकटून निकामी होतं. पण मोनोफ्लुओरोफॉस्फेटसुद्धा गरम जागी महिनोन्महिने पडून राहिलं, तर हळूहळू फुटून त्याच कॅल्शियममध्ये अडकतं. पत्र्याच्या टपरीत दोन उन्हाळे काढलेली ट्यूब चवीला तशीच लागते, पण कामाची राहिलेली नसते. अलीकडची तारीख बघून घ्या, आणि घरीही चुलीजवळ किंवा पत्र्याखालच्या खिडकीत ठेवू नका.

आता प्रत्यक्ष ब्रश. मुद्दाम सावकाश सांगते, कारण चूक नेहमी इथेच होते.

ब्रश मऊ, डोकं लहान, मुलाच्या दोन दातांच्या रुंदीएवढं. पेस्ट ब्रशच्या लांबीला पट्टीसारखी लावायची नाही, ती जाहिरातीतली रीत आहे. ब्रशच्या आडव्या बाजूला टेकवून थोडी लावा आणि बोटाने केसांच्या आत दाबा, म्हणजे पहिल्याच झटक्यात गोळा तोंडात पडून गिळला जाणार नाही. पेस्ट तुम्हीच लावायची, ट्यूब मुलाच्या हातात द्यायची नाही.

धाकट्यासाठी दोन माणसं असली तर सोपं. समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसा. बाळाचे पाय तुमच्या कमरेशी, डोकं समोरच्याच्या मांडीवर. तुम्ही त्याचे हात धरा, समोरची व्यक्ती ब्रश करेल. एकट्या असाल तर जमिनीवर मांडी घालून बसा आणि त्याचं डोकं मांडीवर घ्या, तोंड वरच्या दिशेला. तो रडला तर रडू दे, तोंड उघडंच मिळतं. रोज त्याच वेळी, त्याच जागी केलं तर आठ-पंधरा दिवसांत सवय होते. मुलगी उभी राहू शकते: तुम्ही तिच्या मागे उभ्या राहा, तिचं डोकं तुमच्या पोटाला टेकवा, डाव्या हाताने हनुवटी धरा आणि त्याच हाताच्या बोटाने वरचा ओठ उचला. हा ओठ उचलणं विसरू नका. मुलीचे खड्डे हिरडीलगत पडले, कारण ब्रश दातांच्या टोकावरून फिरतो आणि ओठाखालची दोन मिलिमीटरची पट्टी तशीच राहते. सगळ्यात आधी तिथे कीड लागते. खालच्या पुढच्या दातांना जिभेचं आणि लाळेचं संरक्षण असतं, म्हणून ते बहुधा शेवटी बिघडतात.

केस अर्धे दातावर, अर्धे हिरडीवर टेकवा आणि लहान लहान गोल फिरवा. आधी बाहेरची बाजू, मग आतली, मग दाढांचा वरचा भाग पुढे-मागे. शेवटी वरच्या पुढच्या दातांची मागची बाजू, ब्रश उभा धरून. एकूण दोन मिनिटं. हिरडीतून थोडं रक्त आलं तर थांबू नका. तिथे घाण साचल्याने सूज आहे, आठवडाभरात बंद होतं. झाल्यावर फेस थुंकायला सांगा आणि तिथेच थांबा. आपल्याकडे पाच-सहा चुळा भरून तोंड कोरडं ठणठणीत करायची सवय आहे, त्यात सगळं फ्लोराइड मोरीत जातं. चूळ भरायचीच असेल तर एक छोटा घोट, बस. धाकट्याला थुंकता येत नाही, त्याला ओल्या फडक्याने ओठ पुसून सोडा.

सकाळचा ब्रश चुकला तरी मी फार बोलणार नाही. रात्रीचा चुकवायचा नाही. झोपेत लाळ जवळजवळ बंद होते, आणि दातांवर राहिलेला गोड थर सकाळपर्यंत काम करतो. रात्रीच्या ब्रशनंतर फक्त पाणी. दूधसुद्धा आधी. खोकल्याचं औषध रात्री द्यायचं असेल तर तेही ब्रशच्या आधी, कारण सिरपमध्ये साखर असते.

मूल स्वतः करतो म्हणालं तर करू द्या, पण नंतर तुम्ही एकदा फिरवा. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या मनगटात ती बारीक हालचाल येत नाही. शिकलेल्या घरांतही हे होत नाही, 'ती स्वतः करते हो' असं कौतुकाने सांगतात, आणि दात किडलेले असतात.

कडुनिंबाची काडी मोठ्या मुलाने शेतात चावली तर हरकत नाही, पण ती आतल्या बाजूला पोचत नाही आणि तिच्यात फ्लोराइड नाही. राखुंडी, कोळसा आणि लाल दंतमंजन मुलांना अजिबात नको. ते खरखरीत असतं, आणि दुधाच्या दातांचं कवच कायमच्या दातांच्या निम्म्याएवढंच जाड असतं. घरात कुणी मशेरी लावत असेल तर ती मुलांसमोर लावू नये आणि डबी मुलाला आणायला सांगू नये. ती भाजलेली तंबाखूच आहे. मंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला 1992 पासून बंदी आहे, पण घरच्या तव्यावर भाजलेली कुठल्या कायद्यात अडकणार?

बाटलीचं बघू. साखर घातलेलं दूध, रात्रभर, ब्रश न करता: दात किडवायची याहून खात्रीची रीत नाही. एकदम बंद केलं तर घरात कुणी झोपणार नाही, म्हणून उतरवत जा. पहिले चार दिवस साखर निम्मी, पुढचे चार दिवस बंद. मग दुधात पाणी वाढवत वाढवत दहा-बारा दिवसांत बाटलीत नुसतं पाणी. दिवसाचं दूध वाटीने किंवा पेल्याने. अंगावरचं दूध पाजत असाल तर ते बंद करू नका, फक्त झोपण्याआधीचा ब्रश ठेवा आणि स्तन तोंडात तसाच राहू न देता बाळ झोपल्यावर काढून घ्या.

खाण्यात किती गोड यापेक्षा कितीदा गोड, हे जास्त मोजायचं. सकाळी चहा-बिस्कीट, दहाला पाच रुपयांचं पाकीट, दुपारी शाळेतून येताना गोळी, चारला परत चहा-टोस्ट, संध्याकाळी बर्फाची गोड नळी. प्रत्येक वेळेचा अर्धा-पाऊण तास धरला तर दातांना भर टाकायला वेळच उरत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापराच्या पुरणपोळीबरोबर वाटीभर आमरस खाल्ला, तर दात एकदाच आम्लात बुडतात आणि लाळ सावरून घेते. गूळ साखरेहून बरा, हा दातांच्या बाबतीत गैरसमज आहे, जंतूंना दोन्ही सारखेच. केळ्याला घाबरू नका. आपल्या भागात केळी सोडून मुलांना काय द्यायचं? अख्ख्या फळातली साखर पाकिटातल्या साखरेसारखी नसते. बिस्किटाचा आणि कुरकुरीत पाकिटांचा चिकट लगदा मात्र दाढांच्या खाचेत तासभर बसून राहतो. चिंच, कैरी, बोरं खाल्ल्यावर लगेच ब्रश नको, पाण्याने खळखळून अर्धा तास थांबा.

धडगाव-अक्कलकुव्याकडची, चाळीसगाव-पारोळ्याकडचीही अनेक घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि मुलं चार-पाच महिने कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, राहतात. त्यांच्यासाठी एक हिशोब: धाकट्याला दिवसाला 0.2 ग्रॅम आणि मोठीला 0.5 ग्रॅम, मिळून 0.7. शंभर ग्रॅमची एक ट्यूब दोघांना 140 दिवस, म्हणजे जवळजवळ अख्खा हंगाम पुरते. ट्यूब आणि प्रत्येकाचे दोन ब्रश बोचक्यात टाकले की झालं. ब्रश दर तीन महिन्यांनी, किंवा केस फाकले की त्याआधीच, बदला. एका ब्रशवर दोन मुलं नकोत.

चुकून कधी धाकट्याने ट्यूबच चोखली तर काय? विषबाधेची शंका किलोला 5 मिलिग्रॅमपासून पुढे धरतात. दहा किलोच्या बाळासाठी ते 50 मिलिग्रॅम, म्हणजे 1000 पीपीएमची 50 ग्रॅम पेस्ट. त्याहून बरीच कमी गेली असेल तर पेलाभर दूध पाजा. दुधातलं कॅल्शियम फ्लोराइडला बांधून ठेवतं. मळमळ, पोटदुखी होऊन थांबेल. अर्धी ट्यूब गेली असेल, किंवा किती गेली ते कळत नसेल, तर दूध पाजून थेट दवाखाना गाठा आणि ट्यूब बरोबर न्या. ओकारी काढायला लावू नका.

मुलीच्या खड्ड्यांचं पुढे काय? आता नुसत्या ब्रशने खड्डे भरणार नाहीत, दंतवैद्याला दाखवाच. पुढचे दात दिसतात म्हणून आपण तेवढेच बघतो, पण दाढांच्या मधली कीड बऱ्याचदा एक्स-रेशिवाय कळत नाही. दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत लागतात. सासूबाईंना एवढंच सांगा की दात पडणार हे खरं, पण तिच्या दाढा पडायला अजून सहा-सात वर्षं आहेत. तोवर ती त्यांनीच भाकरी चावणार, त्यांनीच कायमच्या दाताची जागा धरून ठेवणार. दाढ लवकर काढावी लागली तर शेजारचे दात सरकतात आणि नवा दात वाकडा येतो. मुळाशी पू झाला तर खाली घडत असलेल्या कायमच्या दातावरही डाग किंवा खड्डा पडू शकतो.

दंतवैद्य दोन गोष्टी सुचवतील. एक फ्लोराइड वार्निश: त्यात 22,600 पीपीएम असतं, पण पूर्ण तोंडाला पाव मिलिलिटरच्या आसपासच लागतं, ब्रशने दोन मिनिटांत लावून होतं. दर सहा महिन्यांनी, आणि तुमच्या मुलीसारखी कीड असेल तर दर तीन महिन्यांनी. लावल्यावर दात एक दिवस पिवळट दिसतात, त्या रात्री ब्रश नको, काही तास गरम आणि कडक खाणं नको. दुसरं सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड, 38 टक्क्यांचं: टोचणी नाही, मशीन नाही, थेंब लावला की कीड थांबवतं. पण किडलेला भाग कायमचा काळा होतो. मागच्या दाढांना खुशाल लावून घ्या. पुढच्या दातांना काळा रंग चालेल का, हे आधी घरात ठरवा, नाहीतर नंतर वाद होतात. खड्डा खोल असेल तर भरावं लागेल, किंवा दाढेला नस काढून स्टीलची टोपी बसवावी लागेल.

खर्चाची अडचण असेल तर अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दात दाखवा. हा कार्यक्रम 2013 पासून चालू आहे, अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा तपासतात आणि दातांची कीड त्यांच्या यादीत आहे. ते पुढे जिल्हा रुग्णालयात पाठवू शकतात. धुळ्याच्या दंत महाविद्यालयातही मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे.

हिरडीवर पिटुकला फोड आला, मूल रात्री दुखण्याने उठू लागलं, तर आठवड्याच्या आत दाखवा. गाल सुजून सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकली, ताप आला, तोंड उघडेना, तर त्याच दिवशी रुग्णालयात. सुजेला शेक द्यायचा नाही, दाढेत तंबाखू किंवा कच्चं लवंग तेल भरायचं नाही, मुलाला अ‍ॅस्पिरिन द्यायची नाही. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तास. तुमच्या मुलीला म्हणजे एका वेळी 160 ते 240 मिलिग्रॅम. बाटलीवर 5 मिलिलिटरमध्ये किती आहे ते वाचून मोजा, 125 आणि 250 अशा दोन्ही मिळतात.

आणि सहाव्या वर्षाच्या सुमारास तिच्या तोंडात शेवटच्या दुधाच्या दाढेच्याही मागे एक नवी दाढ येईल. तिच्यासाठी कुठला दात पडत नाही, म्हणून घरातले तिला दुधाचीच समजतात. ती कायमची असते, जन्मभराची, आणि सगळ्यात जास्त कीड तिलाच लागते. कारण वरच्या खाचा खोल असतात आणि पूर्ण वर यायला तिला वर्षभर लागू शकतं. तोवर ती शेजारच्या दाढेपेक्षा खाली असते, नेहमीचा ब्रश तिच्यावरून पूल ओलांडल्यासारखा निघून जातो. त्या वर्षभर ब्रश गालाच्या बाजूने आडवा आत घाला, फक्त त्या एका दाढेवर टेकवा आणि दहा वेळा फिरवा. दाढ पूर्ण वर आली की तिच्या खाचा सीलंटने, म्हणजे खाचांवर बसणाऱ्या पातळ थराने, बंद करून घ्या. त्यात दाढ कोरावी लागत नाही, सुई नाही, फक्त दात कोरडा राहिला पाहिजे. त्यामुळे मूल पाच मिनिटं तोंड उघडं ठेवू शकेल, अशी सकाळची वेळ घ्या.